पाहिजे : उत्तर न देणारा सहायक

विद्यार्थ्यांना अभ्यासात मदत करणारा डिजिटल सहायक बनवणं हे आता राष्ट्रकार्य झालं आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांपासून ते शिक्षण परिषदांतल्या सादरीकरणांपर्यंत जो तो हाच सहायक घडवण्यात गुंतला आहे. त्याचे गुणही सगळीकडे सारखेच सांगितले जातात. तो चोवीस तास जागा असतो. दमत नाही, चिडत नाही, रजा टाकत नाही, एकच शंका दहा वेळा विचारली तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. त्याचा सर्वांत मोठा गुण मात्र या यादीत कुणी लिहीत नाही : त्याला निवडणुकीच्या कामाला लावता येत नाही. मतदारयाद्या, जनगणना, पोषण आहाराच्या तांदळाचा रोजचा हिशेब, मुलांचे आधार क्रमांक जुळवून पोर्टलवर चढवणं यांतलं एकही काम ज्याच्या गळ्यात मारता येत नाही, असा शिक्षक या राज्याला प्रथमच लाभतो आहे. तेव्हा त्याच्याकडे वेळच वेळ असेल, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या वेळात तो काय करणार, याबद्दल. आतापर्यंतची लक्षणं पाहता तो उत्तरं देणार आहे. आणि पोराला काही शिकवायचं असेल, तर उत्तर लगेच न देणं हीच त्यातली अवघड कला आहे.

यंत्राने शिकवण्याचं स्वप्न काही आजचं नाही. थॉमस एडिसनने १९१३ साली भाकीत केलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील आणि ज्ञान चलत्‌चित्रांतून दिलं जाईल. पुस्तकं गेली नाहीत. चलत्‌चित्रं मात्र पोरांच्या तळहातावर येऊन पोहोचली, ज्ञानाचा भाग तेवढा वाटेत गळाला. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्हीवरचे धडे उतरले. १९८४ मध्ये शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. २००४ मध्ये शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट आकाशात गेला आणि २०११ मध्ये ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट जमिनीवर आला. दर वेळी नारळ फुटला, दर वेळी क्रांती जाहीर झाली, आणि संगणकाच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात सुरक्षित राहिली.

या सगळ्या यंत्रांपेक्षा एक जुनं यंत्र शहाणं होतं, हे मात्र मान्य करायला हवं. ओहायोचे मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात एक पेटी बनवली. खिडकीत प्रश्न दिसायचा, विद्यार्थ्याने चार कळांपैकी एक दाबायची. शिकवण्याच्या खटक्यावर ती पेटी लावली की बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्नच दिसत नसे. तिला एक जोडणीही होती : ठरावीक उत्तरं बरोबर आली की गोळी बाहेर पडायची, चघळायची. पुढे १९५४ च्या सुमारास बी. एफ. स्किनर यांनी आपलं यंत्र मांडलं आणि त्यात आणखी कडक अट घातली. चारांतून एक निवडायचं नाही, उत्तर स्वतः लिहायचं. थोडक्यात, या जुन्या मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे यंत्राने विद्यार्थ्याला अडवायचं असतं. नव्या सहायकाने त्यांच्याकडून नेमकं काय घेतलं, तर गोळी घेतली आणि अडवणूक टाकून दिली. शिवाय गोळीही आता आगाऊ मिळते. पोराने ‘गृहपाठ करून दे’ एवढंच टाइप केलं तरी समोरून येतं : ‘वा, किती छान प्रश्न!’ वर्गात पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाईंच्या तोंडून जी दाद कारकिर्दीत मोजून दोन-तीनदा निघाली असेल, ती इथे दर अर्ध्या मिनिटाला मिळते.

सहायक बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या सादरीकरणात बेंजामिन ब्लूम यांचं नाव हमखास येतं. १९८४ साली या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने दाखवलं की एकेकट्या मुलाला शिकवणारा शिक्षक मिळाला, तर त्या गटातला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. मग गुंतवणूकदाराला सांगितलं जातं की प्रत्येक मुलाला असा शिक्षक देणं परवडणारं नाही, आमचं अ‍ॅप परवडतं, सही इथे करा. ब्लूमच्या प्रयोगातली अट तेवढी सादरीकरणात मावत नाही. त्या मुलांना एक घटक पक्का झाल्याशिवाय पुढच्या घटकाकडे जाता येत नव्हतं. चाचणी, चूक, दुरुस्ती, पुन्हा चाचणी असा तो सगळा जाच होता. नंतरच्या अभ्यासांत ब्लूमचा तो भव्य आकडा टिकला नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ साली घेतलेल्या आढाव्यात माणसाच्या शिकवणीचा परिणाम ब्लूमच्या दाव्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. पण गंमत अशी की पायरी-पायरीने गणित सोडवून घेणाऱ्या संगणकी शिकवणीचा परिणाम जवळजवळ माणसाएवढाच भरला. म्हणजे यंत्राला शिकवता येतं. यंत्राबद्दल अढी धरून बसलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, आणि यंत्र विकणाऱ्यांनी ‘पायरी-पायरीने’ आणि ‘सोडवून घेणाऱ्या’ हे दोन शब्द.

पुरावा शोधायला परदेशात जायचीही गरज नाही. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत सरकारने चार-चार संगणक दिले होते. काही शाळांत ते खोक्यातूनही बाहेर आले नव्हते, कारण ते चालू करणारं कुणी नव्हतं. मग ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ खेळायला बसवलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप केलं. गणिताचे गुण पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांच्या हिशेबात हा आकडा दणदणीत आहे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातलं फक्त ०.१० च्या आसपास उरलं होतं, पण ती गोष्ट माहितीपत्रकात छापायची नसते. त्याच अभ्यासात मुंबई आणि वडोदऱ्यात दुसरा एक सहायक तपासला गेला. तिचं नाव बालसखी. वस्तीतलीच बारावीच्या आसपास शिकलेली मुलगी, मागे पडलेल्या पंधरा-वीस पोरांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचायला आणि बेरीज-वजाबाकी करायला लावणारी. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. तिच्यामुळेही गुण वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. तिच्यासाठी कुठल्या गुंतवणूकदाराने रांग लावल्याची नोंद नाही.

दिल्लीत याच धर्तीवर आणखी एक प्रयोग झाला. सहावीत बसलेली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. शाळेतलं पुस्तक त्यांच्याशी सहावीचं बोलत होतं आणि ती चौथीच्याही अलीकडे उभी होती. ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरने त्यांना त्यांच्या खऱ्या पातळीचे प्रश्न दिले. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. हा आकडा तुम्हाला शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या प्रत्येक चर्चासत्रात भेटेल. शाळा सुटल्यावर नव्वद मिनिटांचं ते सत्र असे. त्यातली निम्मी मिनिटं संगणकासमोर, आणि उरलेली निम्मी लहान गटात एका हाडामांसाच्या शिकवणाऱ्या माणसासमोर जात. चर्चासत्रात या माणसाला चहाच्या सुट्टीत विसरलं जातं. गुजरातमध्ये ली लिंडेन यांनी एकाच सॉफ्टवेअरचे दोन उपयोग करून पाहिले. शाळेनंतरची जोड म्हणून ते वापरलं तेव्हा मुलांना फायदा झाला. शाळेतल्या शिकवण्याच्या जागी बसवलं तेव्हा मुलं उलट मागे गेली. आपल्या शिक्षण खात्याला कुठला उपयोग जास्त भावेल, हे ओळखायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही.

एवढं सगळं जुन्या सॉफ्टवेअरबद्दल झालं. ते बिचारं गणिताचे प्रश्न विचारायचं आणि चूक दाखवायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि प्रश्न विचारण्याचं काम पोराकडे गेलं, उत्तराचं यंत्राकडे. शिकण्यासाठी जे नातं लागतं ते बरोबर उलटं झालं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास हजार मुलांवर हे तपासलं. गणिताच्या सरावाला काही मुलांना साधा चॅटबॉट दिला, काहींना शिकवणीसाठी आवरून बांधलेला, जो थेट उत्तर न देता फक्त दिशा दाखवायचा. उरलेल्यांना नेहमीची वही-पुस्तकंच. सरावात साध्या चॅटबॉटवाल्यांचे गुण ४८ टक्क्यांनी चढले, आवरलेल्या चॅटबॉटवाल्यांचे तर १२७ टक्क्यांनी. पेढेच वाटायचे बाकी होते. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. साध्या चॅटबॉटवाली मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी खाली आली. आवरलेल्या चॅटबॉटने नुकसान टाळलं, पण परीक्षेत फायदाही फारसा दाखवला नाही. यातली खरी बातमी आणखी पुढे आहे : नुकसान झालेल्या मुलांना आपलं नुकसान झाल्याचं कळलंच नव्हतं. उत्तर वाचलं की समजल्यासारखं वाटतं. हे समाधान इतकं पुरेपूर असतं की अज्ञानाला तक्रार करायला जागाच उरत नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : कॅल्क्युलेटर आला तेव्हाही तुम्ही हेच म्हणत होता. म्हणत होतो, आणि म्हणूनच प्राथमिक शाळेत पाढे अजून तोंडीच म्हणून घेतले जातात. कॅल्क्युलेटरने निबंध लिहिला नव्हता, शिवाय त्याने कधी आत्मविश्वासाने सातापाचा तेहेतीस सांगितला नव्हता. भाषेवर चालणारं नवं यंत्र पुढचा शोभेसा शब्द निवडत जातं. बरोबर उत्तर आणि चुकीचं उत्तर ते एकाच गोड, नीटनेटक्या भाषेत देतं. ज्याला विषय येतो त्याला यातली चूक सापडते. ज्याला येत नाही त्याच्यासाठीच तर हा सहायक बनवलेला आहे.

दुसरा आक्षेप जड आहे आणि त्याला हसून टाळता येणार नाही. शहरातल्या मुलाला क्लास आहे, क्लासला जोड म्हणून दुसरा क्लास आहे. वाडीवरच्या मुलीला कोण आहे? तिच्या रात्री आठच्या शंकेला उत्तर देणारं यंत्र तिला मिळू नये, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणूच नये. देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांत तेहेतीस लाखांहून अधिक मुलं शिकतात, ही सरकारचीच आकडेवारी आहे. तिथे कुठलीही मदत मदतच. पण ती मदत कुठवर पोहोचते, हेही मोजलेलं आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्क्यांहून अधिक मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. फोन घरात आहे आणि अभ्यास त्यात आहे, तरी दोघांची गाठ घालून देणारं कुणी नाही. त्याच पाहणीत सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के होती. ज्याला वाचता येत नाही, त्याला मजकुराचा महापूर देऊन काय साधणार? या मुलाला आधी शेजारी बसून अक्षरावर बोट ठेवणारं माणूस लागतं. ते माणूस नेमायला पैसा लागतो. आपल्या राज्यात प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला २०२२ संपेपर्यंत महिना ६,००० रुपये मानधन होतं, नंतर ते १६,००० झालं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षकाला किमान बारा रुपये पगार द्या असं सांगितलं होतं. शिक्षक स्वस्तात मिळावा हा हट्ट इतका जुना आहे. अ‍ॅपने तो पूर्ण करायचं वचन दिल्यावर सरकार भाळलं तर नवल नाही. वाडीवरच्या मुलीचं नाव पुढे करून जो सहायक येतो, तो तिच्या बाईंच्या शेजारी बसायला येतो की बाईंच्या खुर्चीवर, एवढंच पाहायचं.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा : आमचा सहायक आता प्रश्न विचारतो. खरं आहे. खान अकॅडमीचा ‘खानमिगो’ २०२३ पासून उत्तर देण्याऐवजी उलट प्रश्न करतो आणि ओपनएआयने जुलै २०२५ मध्ये अभ्यासासाठी तशीच एक सोय चॅटजीपीटीत आणली. प्रामाणिक प्रयत्न म्हणून त्याचं स्वागतच करू. अडचण एवढीच की ही सोय विद्यार्थ्याने स्वतः सुरू करायची आहे. रात्री साडेदहाला, उद्याच्या वहीतपासणीच्या भीतीने जांभया देणाऱ्या नववीतल्या मुलाने एका बटणाला ‘मला त्रास दे’ म्हणायचं आणि शेजारच्या ‘मला उत्तर दे’ या बटणाकडे पाहायचं नाही. एवढा संयम त्याच्यात असता, तर त्याला सहायक लागला नसता. तो संयम त्याच्या पालकांत तरी आहे का?

आणि इथे आपण मूळ गिऱ्हाइकापाशी येतो. सहायक विद्यार्थ्यासाठी असतो, पण त्याचे पैसे पालक देतात आणि त्याचा अभ्यासक्रम परीक्षा मंडळ ठरवतं. मंडळ विचारतं काय? रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, शास्त्रीय कारणे लिहा, टिपा लिहा. तपासणारे आदर्श उत्तरपत्रिकेतले मुद्दे मोजतात. या परीक्षेसाठी आदर्श सहायक दशकांपूर्वीच तयार झाला आहे, त्याला चार्जिंग लागत नाही आणि तो दर जूनमध्ये चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात ढिगाने मिळतो. त्याचं नाव गाइड. मार्च जवळ आला की त्याची पातळ आवृत्ती निघते, तिला ‘२१ अपेक्षित’ म्हणतात. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने संख्यांचं वाचन बदललं, त्या हिशेबाने तिला ‘वीस एक अपेक्षित’ म्हणायला हवं होतं, पण प्रकाशकांनी तेवढं पुरोगामित्व दाखवल्याचं आठवत नाही.) आपण कृत्रिम बुद्धिमत्तेवर जे काही बांधतो आहोत ते बोलणारं गाइडच आहे. ते न बोलणाऱ्या गाइडपेक्षा महाग पडतं, आणि ते पृष्ठ क्रमांकही सांगत नाही.

गाइड विकताना भीती विकता येत नव्हती, हा त्याचा दोष होता. तो पुढे दूर झाला. ‘बायजूज’ने मुलांच्या अभ्यासाचा धंदा पालकांच्या धास्तीवर उभा करून दाखवला. २०१९ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव, २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरचं मूल्यांकन, आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया, तीही जर्सीच्या थकलेल्या सुमारे १५८ कोटी रुपयांपायी क्रिकेट मंडळाने केलेल्या अर्जावरून. पोरांचा गृहपाठ राहिला बाजूला, कंपनीचाच हिशेब चुकला. पण त्या काळात कुणी पालकाने ‘या अ‍ॅपने माझ्या मुलाला किती वेळा अडवलं?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारलं जायचं ते ‘त्याने किती व्हिडिओ पाहिले?’ एवढंच. अडवणाऱ्या सहायकाला अ‍ॅपच्या दुकानात एक तारा मिळेल आणि खाली शेरा येईल : ‘अतिशय उद्धट, सरळ उत्तर देत नाही.’

तेव्हा शासनाने खरोखरच असा सहायक बनवायचा ठरवला, तर त्याच्या अटी पुराव्यावरून लिहिता येतात. तो उत्तराआधी विद्यार्थ्याचा प्रयत्न मागेल, मग तो प्रयत्न चुकीचा का असेना. मूल कुठल्या इयत्तेत बसलं आहे हे न पाहता ते कुठवर पोहोचलं आहे हे पाहील. कालची चूक आज पुन्हा काढेल. उगाच कौतुक करणार नाही. मुलाला काय येत नाही ते बाईंना कळवील, आणि बाई त्या वेळी निवडणुकीच्या कामावर असतील तर खात्याला कळवील. रात्री दहा वाजले की बंद होईल. खात्यात फाइल फिरेल, तज्ज्ञ समिती बसेल, आणि निविदा निघेपर्यंत या अटींत किरकोळ दुरुस्त्या होतील : उत्तर दोन सेकंदांत यावं, वापराचे तास वाढत जावेत, मुख्य पडद्यावर मान्यवरांची छायाचित्रं असावीत. मूळच्या अटींवर तंतोतंत उतरणारी, दोन शहरांत तपासलेली आणि महिना साडेसातशेत काम केलेली उमेदवार उपलब्ध आहे, ती बालसखी. तिने अर्ज केला, तर तो पहिल्याच छाननीत बाद होईल. तिच्याकडे मागील तीन वर्षांची पन्नास कोटींची उलाढाल नाही, आणि जीएसटी क्रमांकही नाही.